व्हीएमला खरं कार्ड जोडायचंय? आधी ग्रुप बघा

पासथ्रू म्हणजे व्हीएमला, सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या मशीनला, खरं कार्ड थेट देणं. ते म्हटलं की इंटर्नशिपला येणाऱ्या पोरांच्या डोक्यात एकच चित्र असतं: लिनक्स होस्ट (खरं मशीन), त्यावर विंडोजचा व्हीएम आणि त्यात ग्राफिक्स कार्ड लावून गेम. हरकत नाही, शिकायला तोही रस्ता चांगलाच. पण सांगलीत छोट्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळताना मागणी वेगळी येते. कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपला जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरचा डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) व्हीएममध्ये चालायला हवा असतो. मिरजेत हॉस्पिटलं मोप. तिथे सीटी-एमआरआयच्या फायली ठेवणाऱ्या व्हीएमला डिस्क थेट दिसायला हव्या असतात. कुणाला फायरवॉलसाठी वेगळं लॅन कार्ड लागतं.

साध्या व्हीएमला दिसणारं लॅन कार्ड सॉफ्टवेअरनं उभं केलेलं असतं. पासथ्रूत होस्ट बाजूला होतो आणि व्हीएममधला ड्रायव्हर खऱ्या कार्डाशी बोलतो. गोची अशी, की कार्ड प्रोसेसरला न विचारता मेमरीत स्वतःच लिहितं. त्याला डीएमए म्हणतात. व्हीएमला वाटतं आपली मेमरी शून्यापासून सुरू होते, खरी जागा असते भलतीकडेच. कार्डानं व्हीएमच्या पत्त्यावर लिहिलं आणि ते होस्टच्या मेमरीत पडलं, तर सर्व्हर गेलाच. मधे पत्ते बदलून देणारा आणि हद्द राखणारा भाग म्हणजे आयओएमएमयू. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणतं, एएमडी त्याला एएमडी-व्हीआय. व्हीटी-एक्स वेगळं, ते व्हीएम चालवायला लागतं आणि प्रोसेसरपुरतं असतं. बायोसमध्ये तेवढंच चालू करून ‘सर, सगळं ऑन आहे’ सांगणारा दर बॅचला एक तरी असतोच.

आता मुख्य गोष्ट. यूट्यूबवरचे आदेश पाठ करण्यात वेळ घालवू नका, आयओएमएमयूचे ग्रुप वाचायला शिका. सिस-एफएसमध्ये (लिनक्स हार्डवेअरची माहिती फायलींसारखी दाखवतं ती जागा) कर्नलच्या खाली ‘आयओएमएमयू ग्रुप्स’ नावाचं फोल्डर असतं आणि त्यात आकड्यांची फोल्डरं. एका आकड्यात जेवढी डिव्हाइस आहेत, ती एकमेकांशी आयओएमएमयूला वळसा घालून बोलू शकतात, म्हणून कर्नल (लिनक्सचा गाभा) त्यांना वेगळं करू देत नाही. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडल्या असतील, तर एक कारखान्यात आणि दुसरी घरी असं होत नाही, तसंच हे.

परवा एका मुलानं घरच्या मशीनचं आउटपुट आणून दाखवलं. बी४५० चिपसेटचा (बाकीची डिव्हाइस प्रोसेसरला जोडणाऱ्या चिपचा) बोर्ड, लॅन कार्ड खालच्या स्लॉटमध्ये. व्हीएम चालू करताना एरर: ग्रुप इज नॉट व्हाएबल. दोन दिवस तो ड्रायव्हरच्या मागे लागला होता. ग्रुप उघडून बघितला तर लॅन कार्डाच्या सोबत डिस्क जोडणारा साटा कंट्रोलर, यूएसबी आणि बोर्डावरचं लॅन, सगळं एकाच आकड्यात. चिपसेटच्या मागे असलेल्या स्लॉटचं असंच होतं. व्हीएमला कार्ड द्यायचं तर होस्टची डिस्कही सोडावी लागली असती. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स होतं, म्हणून वरचा, थेट प्रोसेसरला जोडलेला स्लॉट रिकामा होता. कार्ड तिथे लावलं, ग्रुप सुटा झाला, व्हीएम उठला.

‘एसीएस ओव्हरराइड’ नावाचा कर्नलचा पॅच याच जागी सुचवला जातो. त्यानं ग्रुप कागदावर वेगळे दिसतात, हार्डवेअर आहे तसंच राहतं. घरच्या मशीनवर खुशाल वापरा. हॉस्पिटलच्या सर्व्हरवर मी हात लावू देत नाही.

मशीन घेताना म्हणूनच आधी बोर्ड बघा, प्रोसेसरचा वेग नंतर. जुनं झिऑनचं (इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरचं) वर्कस्टेशन सेकंडहँड मिळालं तर शिकायला सोनं आहे: ग्रुप बहुधा नीट सुटे असतात, स्लॉट भरपूर असतात. वीज मात्र खातं आणि आवाजही करतं; घरच्यांना आधीच कल्पना द्या.

पुढचं काम म्हणजे कार्ड होस्टच्या ड्रायव्हरकडून सोडवून व्हीएफआयओकडे, म्हणजे कार्ड व्हीएमच्या हवाली करणाऱ्या लिनक्सच्या ड्रायव्हरकडे, देणं. व्हीएफआयओ लिनक्स ३.६ मध्ये, म्हणजे २०१२ साली आलं. एलएसपीसीआय या कार्डांची यादी दाखवणाऱ्या आदेशाला एनएनके पर्याय दिला की कार्डाचा आयडी आणि सध्याचा ड्रायव्हर दोन्ही दिसतात. इंटेलच्या वस्तूंचा कंपनी-आयडी ८०८६ आहे, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचा आकडा. कुणीतरी हौसेनं निवडलेला दिसतो. दोन कार्डं एकाच मॉडेलची असतील तर आयडी सारखाच असतो आणि आयडीवरून बांधलं की दोन्ही होस्टकडून जातात. तिथे स्लॉटच्या पत्त्यावरून बांधावं लागतं. आणि नवीन कार्ड लावलं की हे पत्तेही सरकू शकतात, होस्टच्या लॅनचं नाव बदलतं आणि रिमोटनं आत शिरता येत नाही. पहिल्यांदा कार्ड लावताना मॉनिटर आणि कीबोर्ड जोडूनच ठेवा.

डिस्कसाठी रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र करून एक दाखवणारं) देऊ नका. झेडएफएस या फाइल सिस्टिमला डिस्क जशीच्या तशी हवी असते, म्हणून आयटी मोडचं, म्हणजे डिस्क नुसत्या पुढे देणारं, साधं एचबीए कार्ड घ्यावं, आणि होस्ट ज्या कंट्रोलरवरून बूट होतो तो सोडून. डोंगलला तर पीसीआय पासथ्रूची गरजच नाही, नुसतं यूएसबी डिव्हाइस जोडलं तरी बहुतेक वेळा भागतं.

कंपनीला किंमतही सांगावी लागते. कार्ड कुठेही लिहू शकतं म्हणून व्हीएमची सगळी मेमरी पहिल्यापासून अडकून पडते: १६ जीबी दिली की १६ जीबी गेली, बलूनिंग (न वापरलेली मेमरी होस्टला परत घेणं) नाही. चालू व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर सहज हलवता येत नाही (यालाच लाइव्ह मायग्रेशन म्हणतात), कारण कार्ड तर या पेटीत स्क्रूनं बसवलंय. एक गिगाबिटच्या लाइनला व्हर्टआयओ, म्हणजे व्हीएमसाठीचं सॉफ्टवेअरचं वेगवान लॅन कार्ड, पुरून उरतं. तिथे पासथ्रू मागणाऱ्याला मी आधी ‘कशाला?’ विचारतो. एकच कार्ड बऱ्याच व्हीएमना वाटायचं असेल तर एसआर-आयओव्ही बघा; त्यात एक कार्ड स्वतःचे अनेक छोटे भाग, म्हणजे व्हर्च्युअल फंक्शन, दाखवतं. इंटेलच्या आय३५० कार्डाच्या एका पोर्टमधून लिनक्समध्ये ७ व्हर्च्युअल फंक्शन निघतात, आणि प्रत्येक एका व्हीएमला देता येतं.

पुण्यातल्या इंटरव्ह्यूला जाताना रेझ्युमेत ‘पासथ्रू केलं’ एवढंच लिहू नका. आपल्या मशीनच्या ग्रुपचं आउटपुट सोबत ठेवा आणि कुठलं डिव्हाइस कुणासोबत अडकलंय आणि का, हे बोटानं दाखवा. पुढचा प्रश्न बहुधा लाइव्ह मायग्रेशनचा असतो.