मांजर बारीक करताय? आधी या चुका टाळा

जळगावात घरात मांजर पाळणारे वाढले, तशी गोलमटोल मांजरंही वाढली. "मावशी, हिचं पोट जमिनीला टेकतंय, काय करू?" असं विचारत कोणी आलं, की त्याचं पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असतं. "दोन दिवस उपाशी ठेवलं तर?"

नाही. अजिबात नाही. एकादशी तुम्ही करा, मांजरावर लादू नका. लठ्ठ मांजराचं खाणं एकदम तुटलं, की अंगातली चरबी भराभर यकृताकडे धावते आणि मांजराच्या यकृताला एवढी चरबी पेलत नाही. ती तिथेच साठते, मग काविळीसारखी लक्षणं दिसतात, आणि यात मांजर दगावतं. कुत्र्याचे अनुभव इथे सांगू नका, मांजराचं शरीर वेगळं आहे.

भुसावळचा एक पोरगा होता, जिमला जाणारा, मोबाइलवर उपासाचे व्हिडिओ बघून शहाणा झालेला. घरचा बोका सात किलोच्या घरात. याने त्याला खोलीत कोंडलं आणि फक्त पाणी ठेवलं. तिसऱ्या दिवशी ताटली पुढे सरकवली, तर बोक्याने तोंड फिरवलं. पोरगा खूश! म्हणे भूकच मेली, काम झालं. पुढे लाळ गळायला लागली, कानाची आतली बाजू आणि हिरड्या पिवळ्या दिसल्या, तेव्हा आईने डॉक्टरांकडे पळवलं. नळी घालून खाणं द्यावं लागलं, कित्येक आठवडे. बोका वाचला, पण पाठीचा कणा हाताला टोचायचा आणि पोट मात्र तसंच लोंबत होतं. म्हणून माझ्याकडे नियम एकच आहे: मांजराने 24 तास काहीच खाल्लं नाही, तर डाएट गेलं खड्ड्यात, आधी दवाखाना.

घाई करणाऱ्यांनी हिशेब बघावा. आठवड्याला वजनाच्या साधारण एक टक्का उतरलं तरी उत्तम. सहा किलोची मांजर साडेचारवर आणायची तर आठवड्याला 60 ग्रॅम, म्हणजे जवळपास सहा महिने. एवढा धीर नसेल तर सुरूच करू नका.

दुसरी चूक मापाची. जळगावात सोनं मिलीग्रॅमवर तोलतात आणि मांजराचं खाणं मुठीने टाकतात. साडेचार किलोवर आणायच्या मांजराला दिवसाला साधारण 170-180 कॅलरी पुरतात. कोरडं खाणं असेल तर ते 45-50 ग्रॅमच्या आसपास भरतं, पण पाकिटामागचा आकडा बघून घ्या, प्रत्येकाचा वेगळा असतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा, सकाळीच दिवसाचं खाणं तोलून डब्यात भरा. त्या डब्याबाहेरचं काही नाही. खाण्यातली कपात आठ-दहा दिवसांत हळूहळू करा.

आता खरी अडचण. डबा तुमचा, पण गल्ली सगळ्यांची. तुम्ही ग्रॅम मोजता आणि शेजारच्या आजी ओट्यावर म्हशीच्या दुधात पोळी कुस्करून ठेवतात. दीडशे मिलीची एक वाटी म्हशीचं दूध म्हणजे दीडशेच्या आसपास कॅलरी. दिवसाचा कोटा तिथेच आटोपला, वर मोठ्या मांजराला दूध बहुधा पचतही नाही. बोलायला गेलं की उत्तर ठरलेलं: "मुकं जनावर शे, दोन घास दिधा ते काय बिघडनं?" वाद घालून उपयोग नाही. मी डब्यातलेच दहा-बारा दाणे पुडीत बांधून आजींना देते, खायला घालायचंच असेल तर हे घाला म्हणून. त्यांचं मन राहतं, मांजराचं मापही. दोन मांजरं असतील तर दोन खोल्यांत जेवू घाला, नाहीतर जाडी बारकीचं खाऊन टाकते.

भरीत किंवा शेवभाजीचा रस्सा चाटायला देणारेही आहेत. तेलाचं तर सोडाच, त्यातला कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

नुसती खिचडी किंवा पोळी नको, मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतंच.

चालताना झुलणारी पोटाची पिशवी म्हणजे चरबीच असं नाही. फासळ्या चाचपा. हलक्या हाताने लागल्या तर मांजर ठीक आहे.

पळवून पळवून वजन उतरवण्याच्या नादी लागू नका. जेवणाआधी पाच मिनिटं दोरीमागे उड्या, पुरे.

मे महिन्यात तर मी कोणालाच सुरुवात करू देत नाही. पारा 44-45 वर गेला की मांजर फरशीवर पसरतं आणि आपणच कमी खातं. वजन आपल्या डाएटने उतरलं की उन्हाने, कळत नाही. मृगाचा पाऊस पडू द्या. आणि मांजर खूप पाणी पीत असेल, खूप मुतत असेल, तर ऋतू कुठलाही असो, आधी साखर तपासा.

वजन पंधरवड्यातून एकदाच, तेही एकाच काट्यावर. मांजराला कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभं राहिलात तर पंधरवड्याचा 100-120 ग्रॅमचा फरक नीट दिसायचा नाही. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर टोपलीसकट ठेवा, टोपलीचं वजन वजा करा. लागोपाठ दोन वेळा आकडा हललाच नाही, तर खाणं कमी करण्याआधी गल्लीत एक फेरी मारून या. नवीन वाटी कुठेतरी सापडतेच. नाहीच सापडली तर डब्यातले चार-पाच ग्रॅम कमी करा, त्याखाली जायचं तर डॉक्टरांना विचारून.