व्हीआर हेडसेटची भिंगे पारखून कशी घ्यावीत?

पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद होतात आणि तारकर्लीचे स्कूबा डायव्हिंगही थांबते. त्या दिवसांत आलेल्या पाहुण्यांना निदान किल्ल्याचा तट आणि पाण्याखालची प्रवाळे दाखवता यावीत म्हणून एखादा व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी दृश्ये दाखवणारे डोळ्यांवर बांधायचे यंत्र, घेऊन ठेवावा, असे किनाऱ्यावरच्या होम-स्टेचालकाला किंवा शाळेला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र चौकशी सुरू झाली की बोलणे पिक्सेल, प्रोसेसर आणि मेमरी यांच्याभोवतीच फिरत राहते. भिंगाचा विषय विक्रेता सहसा काढत नाही आणि घेणाराही विचारत नाही. वास्तविक पडदा कितीही चांगला असला तरी भिंगातून जेवढे पोहोचते तेवढेच डोळ्याला मिळते. म्हणून भिंगाचा प्रकार आधी ठरवावा आणि बाकीचे आकडे नंतर पाहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हेडसेटमधला पडदा डोळ्यापासून जेमतेम काही सेंटीमीटरवर असतो आणि इतक्या जवळची वस्तू निरोगी डोळ्यालाही स्पष्ट दिसत नाही. भिंग पडद्यावरून येणारे किरण अशा रीतीने वळवते की चित्र साधारण एक ते दोन मीटर अंतरावर असल्यासारखे वाटते आणि मोठे होऊन नजरेचा बराचसा भाग व्यापते. हेच काम तीन प्रकारची भिंगे तीन रीतींनी करतात, आणि प्रत्येक रीतीची किंमत कुठे ना कुठे मोजावी लागते.

सर्वांत साधे ते अखंड बहिर्गोल भिंग. २०१४ साली गूगलने आणलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डबोर्डमध्ये अशीच प्लॅस्टिकची भिंगे होती. कडेचे चित्र कमी फाटावे म्हणून त्याचा पृष्ठभाग शुद्ध गोलाकार न ठेवता हिशेबाने बदलला, की त्याला अ‍ॅस्फेरिक भिंग म्हणतात; २०१६ च्या पहिल्या प्लेस्टेशन व्हीआरमध्ये याच जातीची भिंगे होती. पृष्ठभागावर एकही खाच नसल्यामुळे चित्र स्वच्छ आणि उजळ दिसते, परंतु भिंग जाड आणि जड होते. पायमॅक्स क्रिस्टलसारख्या काही महागड्या हेडसेटमध्ये आजही काचेची अ‍ॅस्फेरिक भिंगे वापरतात, पण ती यंत्रे संगणकाला जोडून विमानोड्डाणाचे खेळ खेळणाऱ्या हौशी मंडळींसाठी आहेत. आपल्या कामापुरता हा प्रकार बाजूला ठेवला तरी चालेल.

दुसरा प्रकार फ्रेनेल भिंगाचा. प्रकाश वळतो तो भिंगाच्या पृष्ठभागावर, आतला जाड भाग केवळ वजन वाढवतो. म्हणून तो भाग वगळून पृष्ठभागाचा उतार तेवढा एककेंद्री वलयांत मांडायचा, ही कल्पना फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेल यांनी दीपगृहांसाठी वापरली आणि १८२३ साली कोर्दुआँच्या दीपगृहात असे भिंग बसले. कोकणच्या किनाऱ्यावरची दीपगृहेही याच तत्त्वाच्या भिंगांनी आपला झोत समुद्रावर दूरवर फेकत आली आहेत. हेडसेटमध्ये हे भिंग आले ते वजन कमी करण्यासाठी. २०१६ चा एचटीसी व्हाइव्ह, २०२० चा क्वेस्ट २, २०२३ चा प्लेस्टेशन व्हीआर २ आणि २०२४ चा क्वेस्ट ३एस ही सगळी फ्रेनेल भिंगांची यंत्रे आहेत. दोष असा की प्रत्येक वलयाच्या कडेवर थोडा प्रकाश विखुरतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आली की त्यांच्यापासून भिंगाच्या कडेकडे पांढुरके फराटे ओढल्यासारखे दिसतात. शिवाय चित्र मधल्या टापूतच नीट दिसते. डोळा थोडा वरखाली सरकला की अक्षरे पुसट होतात.

तिसरा प्रकार पॅनकेक भिंगाचा, आणि तो समजून घेण्यासाठी थोडे थांबावे लागेल. फ्रेनेलमुळे भिंगाची जाडी कमी झाली, पण भिंग आणि पडदा यांच्यातले अंतर तसेच राहिले. म्हणूनच जुने हेडसेट चेहऱ्यापुढे ठोकळ्यासारखे येतात. पॅनकेकमध्ये हे अंतरच दुमडलेले असते. पडद्यावरून निघालेला प्रकाश आधी अर्धपारदर्शक आरशातून आत येतो, पुढच्या विशिष्ट ध्रुवक थरावर (ठरावीक दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाशच हा थर पुढे सोडतो) आपटून मागे फिरतो, पुन्हा त्याच आरशावर आदळून पुढे येतो आणि या वेळी ध्रुवणाची दिशा बदललेली असल्याने ध्रुवक थर त्याला डोळ्याकडे जाऊ देतो. तेवढ्याच जागेत प्रकाशाचा प्रवास तीनदा होतो आणि यंत्र सपाट होते. २०२२ चे क्वेस्ट प्रो आणि पिको ४, तसेच २०२३ चा क्वेस्ट ३ या रचनेचे आहेत.

याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. अर्धपारदर्शक आरसा एकदा निम्मा प्रकाश आत सोडतो आणि परतीच्या वेळी उरलेल्यातला निम्माच परावर्तित करतो, त्यामुळे ध्रुवित प्रकाशाचासुद्धा फार तर २५ टक्के भाग डोळ्यापर्यंत येतो. पडद्याचा प्रकाश मुळात ध्रुवित नसेल तर हा भाग त्याच्याही निम्मा होतो. ही तूट भरून काढण्यासाठी पडदा अधिक उजळ ठेवावा लागतो आणि त्याचा भार बॅटरीवर पडतो. ध्रुवक थरातून चुकार प्रकाश निसटला, तर उजळ वस्तूची फिकट प्रतिमा भलतीकडेच तरंगताना दिसते. एवढे असूनही अक्षरे जवळपास कडेपर्यंत सुस्पष्ट दिसतात, आणि हा फरक कोणाच्याही लक्षात येण्याजोगा आहे.

दुकानात उभ्या उभ्या भिंग ओळखण्यासाठी हेडसेट बंद असतानाच हातात घ्यावा आणि खिडकीचा उजेड भिंगावर तिरपा पडेल असा कलता धरावा. भिंगावर थेट ऊन मात्र पडू देऊ नये. बारीक एककेंद्री वलये दिसली तर ते फ्रेनेल. वलये नसून एकाच दिव्याची दोन-तीन वेगळ्या रंगछटांची प्रतिबिंबे भिंगात एकामागे एक दिसत असतील आणि यंत्राची पुढची बाजू चपटी असेल, तर ते बहुधा पॅनकेक. खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा ही तपासणी अधिक भरवशाची आहे, कारण एकाच नावाच्या मालिकेतही भिंगे वेगवेगळी असतात. क्वेस्ट ३ आणि क्वेस्ट ३एस यांचा प्रोसेसर एकच, स्नॅपड्रॅगन एक्सआर२ जेन २. पण पहिल्यात पॅनकेक भिंगे, प्रत्येक डोळ्याला २०६४ × २२०८ पिक्सेल आणि सुमारे ११० अंशांचा आडवा दृष्टिपट्टा, तर दुसऱ्यात फ्रेनेल भिंगे, १८३२ × १९२० पिक्सेल आणि सुमारे ९६ अंश. दोन्ही शेजारी ठेवलेले मिळाले, तर भिंगांची तुलना करण्याची याहून चांगली संधी नाही.

तुलना करताना घाई करू नये. आधी आपल्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये माहीत करून घ्यावे. चष्म्याच्या दुकानात ते मोजून मिळते, आणि प्रौढांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते. क्वेस्ट २ मध्ये भिंगे ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच टप्प्यांवर बसतात, तर क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून ती हवी तिथे आणता येतात. अंतर न जुळवता केलेली तुलना निरर्थक ठरते, कारण चांगले भिंगही वाईट वाटते. त्यानंतर पट्टा सैल करून यंत्र किंचित वरखाली करावे आणि चित्र सर्वांत स्पष्ट दिसेल तिथे ते घट्ट बसवावे.

मग बारीक अक्षरांचे एखादे पान उघडावे, मान स्थिर ठेवून फक्त डोळे उजव्या कडेकडे न्यावेत आणि कोणत्या शब्दापर्यंत अक्षरे वाचता येतात ते पाहावे. फ्रेनेलमध्ये मान वळवल्याशिवाय कडेची ओळ सहसा नीट लागत नाही. पॅनकेकमध्ये ती बऱ्याच अंशी वाचता येते. यानंतर पूर्ण काळ्या पडद्यावर एकच पांढरे चिन्ह आणावे. त्यातून फराटे निघतात की त्याची फिकट जुळी प्रतिमा दिसते, याकडे लक्ष द्यावे. दोन्ही दोषांपैकी आपल्याला कोणता अधिक खुपतो हे ज्याने त्याने ठरवायचे आहे. शेवटी दाराची चौकट किंवा खांबांची रांग असलेले दृश्य घेऊन मान सावकाश डावीउजवीकडे फिरवावी. सरळ रेषा लवचीक होऊन हलत असतील, तर अशा यंत्राने संवेदनशील माणसाला मळमळू शकते.

चष्म्याविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. पडदा जवळ आहे म्हणून लांबचा चष्मा लागणार नाही, असे अनेकांना वाटते. परंतु भिंगाने चित्र मीटर-दोन मीटर अंतरावर नेलेले असल्यामुळे जास्त मायनस नंबर असणाऱ्याला चष्म्याशिवाय ते धूसरच दिसते. उलट केवळ वाचनापुरता चष्मा वापरणाऱ्या आजोबांना तो बहुधा काढून ठेवता येतो. चष्मा घालूनच हेडसेट लावायचा असेल तर चष्म्याची काच आणि हेडसेटचे भिंग एकमेकांना घासणार नाहीत याची खात्री करावी, कारण ही भिंगे बहुतेक प्लॅस्टिकची असतात आणि एकदा पडलेला ओरखडा निघत नाही. काही यंत्रांसोबत मधले अंतर वाढवणारी चौकट मिळते किंवा तशी सोय यंत्रातच असते. नसेल तर नंबरची वेगळी भिंगे बसवून घेता येतात.

घेणाऱ्याने स्वतःला विचारायचा मुख्य प्रश्न असा की यंत्र वापरणार कोण. एकाच माणसाने रोज वापरायचे असेल, तो आपल्या डोळ्यांप्रमाणे ते नीट बसवून घेणार असेल आणि दाखवायचे ते मुख्यतः पाण्याखालचे चित्रीकरण असेल, तर फ्रेनेलमध्ये पैसे वाचवायला हरकत नाही. निळसर, मध्यम उजेडाच्या दृश्यात फराटे फारसे जाणवत नाहीत. पण होम-स्टेत किंवा शाळेत एकामागून एक माणसे ते डोक्याला लावतात, कोणी तिरपे लावते, कोणी घाईघाईत, आणि प्रत्येकाला यंत्र बसवून देत राहणे मालकाला जमत नाही. तिथे मोठा स्पष्ट टापू असलेले पॅनकेक भिंगच घ्यावे, मग त्यासाठी पडद्याचे थोडे पिक्सेल किंवा मेमरी कमी मिळाली तरी चालेल. रात्रीचे तारांगण दाखवण्याचा बेत असेल, तर मात्र काळ्या आकाशावरचे पांढरे ठिपके दोन्ही प्रकारांची कसोटी पाहतात, तेव्हा तोच कार्यक्रम लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कोकणात भिंगांचा खरा शत्रू हवा आहे. जूनपासून घरातला दमटपणा इतका वाढतो की कपाटातल्या चामड्याच्या चपलांवरही बुरशी धरते. भिंगावरच्या लेपावर तिचे बारीक तंतू पसरले की ते पुसून जात नाहीत आणि लेप कायमचा खराब होऊ शकतो. म्हणून यंत्र वापरून झाल्यावर चेहऱ्याकडची गादी घाम सुकेपर्यंत पंख्याखाली ठेवावी आणि मग आंबोशी किंवा पापड ठेवतो तसल्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह यंत्र ठेवावे. पुड्या ओल्या झाल्या की बदलाव्यात. डबा बंद करून महिनोन्महिने विसरू नये. भिंग पुसण्यासाठी कोरडे मायक्रोफायबरचे कापड पुरते, मात्र पुसण्याआधी रेतीचा कण फुंकणीने उडवून द्यावा. स्पिरिट, काच पुसण्याचे द्रव किंवा साडीचा पदर यांपैकी काहीही लावू नये. फ्रेनेलच्या खाचा डोळ्याच्या बाजूला असतील तर त्यांत मीठ आणि धूळ साचते, आणि तेव्हा कापड वलयांच्या दिशेनेच हलके फिरवावे.

उन्हाचे भय तर दमटपणाहूनही तातडीचे आहे. पडवीत किंवा खिडकीपाशी हेडसेट उताणा राहिला आणि ऊन भिंगात शिरले, तर तेच भिंग सूर्यप्रकाश पडद्यावर एका बिंदूत गोळा करते आणि अगदी थोड्या वेळात पडद्यावर न निघणारा डाग पडतो. हे तिन्ही प्रकारच्या भिंगांना सारखेच लागू आहे.

जुना हेडसेट घ्यायचा असेल तर दुपारच्या खोलीत पडदे ओढून मोबाइलचा टॉर्च भिंगावर तिरपा धरावा आणि वरचे ओरखडे, कडेची धूळ व भिंगामागचे पांढरट तंतू एकेक करून शोधावेत. त्यानंतर पडदा पूर्ण पांढरा करून पिवळा किंवा काळा ठिपका दिसतो का ते पाहावे. तंतू भिंगाच्या आतल्या बाजूला असतील, तर यंत्र उघडल्याशिवाय ते साफ होत नाहीत, आणि असे यंत्र निम्म्या किमतीत मिळत असले तरी परत करावे.