कराटेत श्वास कसा घ्यायचा, आणि त्याआधी कसा सोडायचा

क्लासमध्ये नवीन मुलांना पाच मिनिटांत धाप लागते तेव्हा सगळे म्हणतात स्टॅमिना कमी आहे. असेलही, पण जरा नीट बघा, पंच मारताना ते श्वास रोखून धरतायत. ओठ घट्ट मिटलेले, मान ताठ, खांदे वर चढलेले, चेहरा लाल, आणि काउंट संपला की तोंड उघडून भसाभसा हवा ओढायची. ब्राऊन बेल्टपर्यंत, म्हणजे ब्लॅकच्या आधीच्या पायरीपर्यंत, पोचलेल्यांमध्येही हे दिसतं, कारण स्टान्स (उभं राहण्याची पद्धत) चुकला तर लगेच दिसतो आणि सर ओरडतात, श्वासाकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. मला तरी वाटतं की पहिल्या महिन्यापासून किकइतकंच लक्ष श्वासाकडे द्यायला हवं.

सुरुवात झोपून करा. पाठीवर आडवे व्हा, गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर, एक हात छातीवर आणि दुसरा बेंबीच्या तीन-चार बोटं खाली, या जागेला जपानीत तांदेन म्हणतात. नाकाने हळू श्वास घ्या, खालचा हात वर यायला हवा आणि छातीवरचा जवळपास स्थिर राहायला हवा. हवा काही पोटात जात नाही, ती फुफ्फुसातच जाते, पण छातीखालचा डायफ्रॅम (श्वासाचा स्नायूचा पडदा) खाली सरकतो आणि पोटातले अवयव बाहेरच्या बाजूला ढकलले जातात म्हणून पोट फुगतं. घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. दोन-तीन मिनिटं पुरे. चक्कर आल्यासारखं झालं तर तुम्ही गरजेपेक्षा जोरात आणि भरभर श्वास घेताय, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, थांबा आणि नेहमीसारखा श्वास चालू द्या.

हे जमलं की उभं राहून तेच करा, आणि इथे बेल्टचा मस्त उपयोग होतो. बेल्ट बेंबीच्या खाली बांधलेला असतो, श्वास घेतल्यावर गाठ पुढे ढकलली जाते ते तर कळतंच, पण कुशीत आणि मागे कमरेलाही बेल्ट किंचित आवळल्यासारखा लागतोय का ते बघा. खूप जण फक्त पोट पुढे काढतात, ते पुरेसं नाही, कमरेचा सगळा घेर थोडा फुगायला हवा, कारण पंच मारताना पाठीकडची बाजूही घट्ट राहायला हवी.

आता पंच. किबा दाचीत (पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं) उभे राहा आणि चोकू झुकी, म्हणजे सरळ पंच, अगदी स्लो मारा. मूठ निघाली की श्वास सुटायला लागतो आणि मूठ टार्गेटवर पोचते त्याच क्षणी शेवटचा छोटा झटका, श्वास आणि मूठ दोन्ही एकत्र थांबतात. किमे, म्हणजे शेवटच्या क्षणी सगळा जोर एकवटणं, येतो तो इथूनच. झटका कुठून द्यायचा हे सांगून कळत नाही, म्हणून हे करून बघा: बरगड्या आणि कंबरेचं हाड यांच्या मधल्या मऊ जागेत बोटं रुतवा आणि खोका. बोटांना जो स्नायू उडून धक्का देतो ना, तोच हवाय. तो आवळला की धड एकसंध होतं आणि कमरेतून निघालेला जोर मध्येच न विरता मुठीपर्यंत जातो. घशातून आवाज काढून तो स्नायू हलत नाही, नुसता घसा बसतो. क्लासनंतर घसा दुखत असेल तर तुम्ही वरून श्वास सोडताय एवढं समजा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, सगळी हवा बाहेर टाकायची नाही. अंदाजे एक तृतीयांश आत ठेवा. पूर्ण रिकामे झालात की पुढच्या टेक्निकसाठी आधी श्वास घ्यावा लागतो, तेवढ्यात समोरच्याने पोटात मारली तर पोट सैल असतं आणि मार थेट लागतो. तोंडही मोठं उघडू नका, जबडा मिटलेला आणि ओठांमध्ये थोडीशी फट, कारण उघड्या जबड्यावर मार बसला तर जास्त इजा होते.

घेण्याचं काय मग? खरं सांगायचं तर त्याची फार काळजी करायची गरज नाही, झटका देऊन झाल्यावर पोट लगेच सैल सोडलं की हवा नाकातून आपोआप आत येते, सैल सोडायला विसरतात म्हणूनच ओढून घ्यावी लागते.

कॉम्बिनेशनमध्ये, म्हणजे एकामागून एक टेक्निक मारताना, प्रत्येक पंचाला वेगळा श्वास घेत बसलात तर स्पीड मरतो. सानबोन झुकीत (सलग तीन पंच) एकच श्वास तीन तुकड्यांत सोडायचा, मध्ये घ्यायचा नाही. आगे उके (वरच्या बाजूचा ब्लॉक) आणि लगेच ग्याकू झुकी (मागच्या हाताचा पंच) असेल तर ब्लॉकला छोटा तुकडा, पंचला मोठा. कातामध्येही, म्हणजे ठरलेल्या मूव्हमेंटच्या मालिकेतही, असंच ठरवून घ्या की कुठे घ्यायचा. शोतोकान शैलीच्या हेआन शोदान या कातामध्ये 21 मूव्हमेंट आहेत, वळताना श्वास आत आणि टेक्निक संपताना बाहेर एवढं धरून चाललात तरी काता एकदम सुटसुटीत होतो. कियाई (जोराची आरोळी) 9 व्या आणि 17 व्या मूव्हमेंटला येते, तिसऱ्या आगे उकेला आणि तिसऱ्या ओई झुकीला (पाऊल पुढे टाकत मारलेला पंच), आणि ती पण तोच पोटाचा झटका, फक्त आवाजासकट. मागचा श्वास नीट साठवलेला नसेल तर कियाई चिरकते.

कुमितेमध्ये, म्हणजे समोरच्याशी लढताना, श्वास लपवायला शिका. श्वास घेण्याच्या क्षणी माणूस थोडा ढिला असतो आणि अनुभवी खेळाडू तोच क्षण शोधत असतो, तुमचे खांदे वरखाली होत असतील तर त्याला आयतंच कळतं. म्हणून मार पोचेल त्या अंतराबाहेर असताना नाकाने छोटे छोटे श्वास घ्या आणि अंतरात शिरताना सोडत सोडत शिरा. राउंड संपल्यावर मोठे मोठे श्वास घेण्यापेक्षा सोडणं लांबवा, दम लवकर बसतो.

सानचिन हा काता आणि इबुकी, म्हणजे आवाज करत जोरात सोडलेला श्वास, याबद्दल बरेच जण उत्सुक असतात, व्हिडिओत तो घुमणारा श्वास भारी वाटतो म्हणून. गोजू र्यू शैलीत सानचिन हा पायाच आहे, या शैलीचे संस्थापक चोजुन मियागी यांनी रचलेल्या तेनशो कातातही श्वासावरच भर आहे, आणि क्योकुशिन शैलीत इबुकीसोबत नोगारे हा शांत श्वासही शिकवतात. पण हे व्हिडिओ बघून घरी करू नका, शिकवणारा समोर असताना करा. अंग आवळून श्वास अडवला की ब्लड प्रेशर चढतं, त्यामुळे बीपी, हृदयाचा त्रास किंवा हर्निया असेल, किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. सानचिन करताना चेहरा लालबुंद होत असेल, मानेच्या शिरा फुगत असतील तर घसा बंद होतोय, ताण कमी करा.

लहान मुलांना यातलं काहीच समजावत बसू नका, डायफ्रॅम वगैरे तर नकोच. त्यांना प्रत्येक पंचला मोठ्याने आकडा म्हणायला लावा, इची, नी, सान (जपानीत एक, दोन, तीन). बोलताना श्वास रोखता येत नाही, तो आपसूक सुटतो. मोठ्यांनीही वॉर्मअपनंतरचा पहिला सेट असाच मारावा, आणि मग तोच सेट आवाज बंद करून, पोटाचा झटका तसाच ठेवून.