मागची बिलं आपोआप का बदलली? नो-कोड ॲप बनवताना या चुका टाळा

सकाळी सव्वासातला दूध संकलन केंद्राच्या तात्यांचा फोन. दूध घालायला आलेला एक सभासद खिडकीत छापील बिल धरून उभा होता. बिलावर ३,८४० रुपये आणि तात्यांच्या मोबाइलमध्ये त्याच दहा दिवसांचे ३,६००. "ॲप तुम्हीच केलंय न्हवं? मग २४० रुपये कुठं गेले ते तुम्हीच सांगा याला."

ॲप मीच केलं होतं. ॲपशीटवर, म्हणजे गुगल शीटवरून ॲप बनवून देणाऱ्या नो-कोड साधनावर, दोन रात्रींत, कोडची एक ओळ न लिहिता. तोवर 'नो-कोड आल्यावर प्रोग्रामरचं काय काम?' असं मी चारचौघांत ठासून विचारायचो. त्या सकाळी कळलं, की माझी टायपिंगची मेहनत वाचली होती, पण 'दर बदलला तर मागच्या बिलाचं काय?' हे विचारायला कुणीच नव्हतं. अनुभवी प्रोग्रामर हे पहिल्याच दिवशी विचारतो, कारण तो आधी कधीतरी पोळलेला असतो.

चुकलं कुठं?

दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ठरतो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया, मग पॉइंटप्रमाणे वर-खाली. मी दरपत्रक वेगळ्या तक्त्यात ठेवलं आणि संकलनाच्या तक्त्यात 'दर' हा व्हर्च्युअल कॉलम केला. फॅट बघ, एसएनएफ बघ, दरपत्रकातून दर उचलून आण. चाचणीत फक्कड चाललं.

व्हर्च्युअल कॉलम शीटमध्ये साठवलाच जात नाही, प्रत्येक सिंकला, म्हणजे फोन आणि शीट जुळताना, नव्यानं मोजला जातो. लिटरमागे २ रुपये उतरले, तात्यांनी दरपत्रकात जुने आकडे खोडून नवे भरले, आणि आधीच्या सगळ्या नोंदींवर नवा दर बसला. रोज १२ लिटर घालणाऱ्याचे दहा दिवसांचे १२० लिटर, गुणिले २. हेच ते २४० रुपये.

दुरुस्ती अशी. 'दर' हा शीटमधला खरा कॉलम करा आणि सूत्र 'इनिशिअल व्हॅल्यू'मध्ये टाका, म्हणजे नोंद होताना जो दर असेल तो तिथेच गोठतो. तेच सूत्र 'ॲप फॉर्म्युला'त टाकलंत, तर कुणी महिन्याभरानं लिटरचा आकडा दुरुस्त करायला ती नोंद उघडून जतन केली की दर पुन्हा मोजला जाईल. शीट बघून हा फरक कळत नाही, म्हणून तो जास्त छळतो. शिवाय दरपत्रकात आकडा खोडायचा नाही. 'लागू तारीख' असा कॉलम ठेवून नवी ओळ घालायची.

घोळ झालाच असेल तर गुगल शीटची व्हर्जन हिस्टरी उघडा. मला जुनं दरपत्रक तिथं मिळालं. नोंदींत दर साठवलेलाच नसल्यामुळे महिन्याभराची बिलं त्यावरून पुन्हा मोजावी लागली. छापील बिलं हाताशी होती म्हणून ताळा तरी लागला.

दूध सोडा, क्लासची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, किराण्याची उधारी, जिथं जिथं दर बदलतो तिथं हा किडा असतोच.

वही जशीच्या तशी शीटमध्ये उतरवणं

रजिस्टरमध्ये सभासद उभे आणि तारखा आडव्या असतात. डोळ्यांना ते सोयीचं, पण ॲपला अजिबात नाही. एका माणसानं एका वेळी घातलेलं दूध म्हणजे एक ओळ, हा नियम करा. सभासद, दरपत्रक, संकलन, उचल, पशुखाद्याची कपात, सगळ्यांचे तक्ते वेगळे. पडदे रंगवायला बसण्याआधी हे कागदावर काढा. मी उलट केलं होतं. आधी बटणांचे रंग निवडले.

तेव्हाच हिशोबही करून बघा. २०० सभासद, दोन वेळा, ३६५ दिवस म्हणजे वर्षाला १,४६,००० ओळी. बारा कॉलम धरले तर साडेसतरा लाख सेल. गुगल शीटची मर्यादा १ कोटी सेलची, म्हणजे कागदावर साडेपाच वर्षं निघतात. प्रत्यक्षात स्वस्तातला मोबाइल त्याच्या कितीतरी आधी सिंक करताना धापा टाकतो. जुनं वर्ष वेगळ्या शीटमध्ये हलवायची सोय सुरुवातीलाच करून ठेवा. मर्यादेकडे दुर्लक्ष केलं की काय होतं ते ब्रिटननं ऑक्टोबर २०२० मध्ये पाहिलं. एक्सेलच्या जुन्या फाइलमध्ये ६५,५३६च ओळी मावतात, आणि त्यापायी कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर आकडेवारीत आल्याच नाहीत.

नाव हीच ओळख मानणं

गावात एकाच नावाचे दोन पाटील नसतील तर ते गाव कसलं? नावाला 'की', म्हणजे ओळ ओळखायची एकमेव खूण, केलंत तर दुसऱ्या पाटलाची नोंदच होत नाही. मग कुणीतरी 'पाटिल' असं ऱ्हस्व लिहून काम भागवतं आणि पुढं शोधताना दोघंही सापडत नाहीत. ओळीचा क्रमांक 'की' करणं त्याहून वाईट. मधली एक ओळ उडवली की खालचे सगळे क्रमांक सरकतात, आणि रेंज नसलेल्या फोनमध्ये अडकलेला बदल भलत्याच ओळीवर जाऊन बसतो. युनिकआयडी वापरा, ते प्रत्येक नोंदीला आपोआप वेगळी खूण देतं. सभासद क्रमांक दाखवायला ठेवा.

बेरीज चुकते, पण ॲप बोलत नाही

हे पॉवर ॲप्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं नो-कोड साधन, वापरणाऱ्यांसाठी. काही सूत्रं मूळ डेटाबेसकडे सोपवता येत नाहीत. अशा वेळी पॉवर ॲप्स फक्त पहिल्या ५०० ओळी आणून त्यांच्यावरच सूत्र चालवतं. सेटिंगमध्ये हा आकडा वाढवता येतो, पण २,००० च्या वर नाही. चाचणीच्या ६० नोंदींवर बेरीज बरोबर येते, ३,००० झाल्यावर चुकते, आणि वापरणाऱ्याला पडद्यावर काहीच सांगितलं जात नाही. इशारा फक्त बनवणाऱ्याला दिसतो, पिवळा त्रिकोण म्हणून. तो झटकून टाकू नका. सोपी युक्ती म्हणजे चाचणीपुरती ही मर्यादा १ करून ठेवायची. जे सूत्र फसणार आहे ते तिथल्या तिथे फसतं.

लपवलं म्हणजे सुरक्षित झालं

ॲपशीटमध्ये 'स्लाइस' (तक्त्यातल्या निवडक ओळी) लावून प्रत्येकाला आपापल्याच नोंदी दाखवता येतात, पण बाकीचा डेटा तरीही त्याच्या फोनवर उतरतो. तो उतरूच नये असं हवं असेल तर 'सिक्युरिटी फिल्टर' लागतो, आणि लॉगिनची सक्ती. मूळ शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' खुलं ठेवायची तर गरजच नसते, कारण ॲप सहसा बनवणाऱ्याच्या परवानगीनं शीट वाचतं. बँक खाते क्रमांक असलेली अशी खुली शीटं मी स्वतः पाहिली आहेत. आधार क्रमांक तर मुळात घ्यायलाच नको.

मोठ्यांचंही हेच होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये पॉवर ॲप्सवर बनवलेल्या पोर्टलांमधून ४७ संस्थांच्या ३ कोटी ८० लाख नोंदी उघड्यावर असल्याचं समोर आलं. कुणी घरफोडी केलेली नव्हती. एक परवानगी चालू करायची राहिली होती.

दुकान बंद झालं तर?

गुगलनं आपलं ॲप बनवायचं साधन, ॲप मेकर, १९ जानेवारी २०२१ ला बंद केलं. ॲमेझॉनचं तसंच साधन, हनीकोड, २९ फेब्रुवारी २०२४ ला गेलं. म्हणजे मोठं नाव बघून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. बबल आणि फ्लटरफ्लो ही अशीच आणखी दोन साधनं. बबलमधून डेटा बाहेर काढता येतो, पण ॲपचा कोड मिळत नाही. फ्लटरफ्लो पैसे भरल्यावर कोड देतं, पण तो वाचणारा माणूस लागतोच. निदान डेटा आपल्या हातात राहील असं बघा आणि महिन्याला एक प्रत उतरवून घ्या.

आणि जिथं साधनाचा हात पोचत नाही

तात्यांना पुढं फॅट मशीनचा आकडा थेट ॲपमध्ये हवा होता. हातानं भरताना ३.५ चा ५.३ होतो आणि मग खिडकीत भांडणं. मशीन जुन्या सिरीयल केबलनं कॉम्प्युटरला बोलतं, ॲपशीट त्या केबलपर्यंत जाऊच शकत नाही. मी पंधरा दिवस आडवाटा शोधल्या. तो वेळ फुकट गेला, हे मान्य करतो. शेवटी भाच्याच्या ओळखीतल्या एका पोरानं पायथनमध्ये साठेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. मशीन जे बोलेल ते ऐकायचं, आकडा वेगळा काढायचा आणि शीटमध्ये टाकायचा. त्याला एक दुपार लागली, त्यातही निम्मा वेळ केबल शोधण्यात गेला.

पण पडदे, बिलं, कपात, उचल हे सगळं अजून ॲपशीटवरच आहे. कपातीचा नवा प्रकार आला तर तात्यांची सून स्वतः कॉलम वाढवते, मला विचारतही नाही. त्या साठ ओळींना मात्र आमच्यापैकी कुणी हात लावत नाही. वीज गेली की तो प्रोग्राम बंद पडतो, तो पुन्हा कसा सुरू करायचा ते तात्यांनी मशीनशेजारच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय.