फोनवरची भूशास्त्राची सहल: या चुका टाळा

अकरावीच्या तासाला फोनवर माळशेजचं उपग्रहचित्र उघडायला लावलं आणि म्हटलं, सर्वांत लांब दरी शोधा. एक मुलगी म्हणाली, "सर, दरी कुठंय? ही तर डोंगराची सोंड आहे." तिच्या फोनवर वाकून बघितलं, तर मलाही सोंडच दिसली. होती दरीच.

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी ध्यानात येणारी ही चूक. अशी चित्रं बहुतेक सकाळी घेतलेली असतात. ऊन आग्नेयेकडून, म्हणजे पडद्यावर खालच्या बाजूने येतं. डोळ्यांना मात्र उजेड वरून पडायची सवय. मग सावलीतला उतार उलटा वाचला जातो, दरी उठून येते आणि डोंगर खचतो. दोन बोटांनी चित्र फिरवून दक्षिण वर घ्या, नाहीतर क्षितिज दिसेपर्यंत झुकवा. दरी पुन्हा दरी होते. मी आता ही फसगत मुद्दाम होऊ देतो, मगच फिरवायला सांगतो. मुलं ते विसरत नाहीत.

दुसरी चूक माझी स्वतःची. हरिश्चंद्रगडावर काढलेला 360 अंशांचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी उत्तरं आली. बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, 'येथे खडकांना वली पडलेल्या दिसतात.' वली, म्हणजे थरांना पडलेल्या घड्या? सह्याद्रीत? इथले लाव्हाचे थर जवळजवळ आडवे. झालं असं, की ग्रुपवर जाताना फोटो दाबला गेला, त्यातली 'मी गोल फोटो आहे' ही माहिती गळली, आणि मुलांच्या फोनवर तो लांबट सपाट चित्रासारखा उघडला. अशा चित्रात वरचा-खालचा भाग ताणला जातो आणि सरळ थर धनुष्यासारखा वाकतो. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. गोल फोटो दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्येच तो उघडला आहे ना, हे आधी एका साध्या फोनवर तपासा. तुमच्या फोनवर नव्हे; तुमचा बहुधा बरा असतो.

बऱ्याच स्वस्त फोनमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फोन कसा वळला हे ओळखणारा भाग नसतो, त्यामुळे फोन फिरवून दृश्य फिरत नाही. फोन बिघडलेला नाही, बोटाने सरकवायला सांगा.

मापाचं जरा सविस्तर बोलू. सहा इंची पडद्यावर वीतभर जाडीचा तांबड्या मातीचा थर आणि शेकडो मीटरचा कडा सारखेच दिसतात. म्हणून स्वतः फोटो काढताना खडकाजवळ हातोडी, पेन, अगदी दहाचं नाणं ठेवाच. आणि मुलांना मोजायला लावा. लोणारचं विवर 'खूप मोठं' आहे, हे कुणीही लिहितं. गूगल अर्थमधली मोजपट्टी काठापासून काठापर्यंत ताणली की सुमारे 1.8 किलोमीटर भरतात, मग खोली विचारा. ती जेमतेम दीडशे मीटर आहे हे कळलं की मुलं कागदावर आकृती काढतात आणि थबकतात. डोक्यात वाटी होती, कागदावर उथळ ताट उतरतं.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासाठी त्रिमितीय नकाशावर विसंबू नका. त्या नकाशात प्रत्येक जागेला एकच उंची असते, त्यामुळे कड्याचा आत गेलेला बाक त्यात मावतच नाही. उभ्या भिंतीवर चित्र ओघळल्यासारखं दिसतं, आणि ज्यासाठी तिथे गेलो ते थरच पुसले जातात. तिथे समोरून काढलेला साधा फोटो चांगला.

गूगल एक्स्पिडिशन्स हे वर्गातल्या आभासी सहलींचं अ‍ॅप 2021 साली बंद झालं, तरी जुन्या पाठ-टाचणांत त्याच्या सूचना अजून सापडतात. त्या खोडून टाका. आणि ऑफलाइन नकाशा उतरवला म्हणजे उपग्रहचित्र आलं असं समजू नका. रस्ते येतात, डोंगर नाही. चार-पाच स्क्रीनशॉट आदल्या दिवशीच काढून ठेवा.

शेवटी, दगड. फोनवर सहल करायची म्हणून रिकाम्या हाताने बसवू नका. रस्त्याच्या कामावर पडलेली खडी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी याच लाव्हाची, म्हणजे बेसॉल्टची असते. प्रत्येकाने एक तुकडा आणायचा. त्यात पांढरे ठिपके दिसले तर त्या वायूच्या जुन्या पोकळ्या, नंतर खनिजांनी भरलेल्या. प्रयोगशाळेतल्या पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब शिक्षकांनी स्वतः टाकावा. फसफसलं तर कॅल्साइट, गप्प बसलं तर बहुधा झिओलाइट नाहीतर गारगोटी.