परतीचा पाऊस आणि फळछाटणी : तारीख गटाने ठरवा

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात आता द्राक्षाच्या फळछाटणीची लगबग सुरू होईल. परतीचा पाऊस हल्ली ऑक्टोबरात रेंगाळतो, कधी नोव्हेंबरातही कोसळतो. नेमकी तेव्हाच बाग पोंग्यात (डोळे फुटून कोवळी फूट उमलताना) किंवा फुलोऱ्यात असते. म्हणून यंदा छाटणीची तारीख ज्याची त्याने न धरता शेतकरी गटाने बसून ठरवावी, असा आमचा आग्रह आहे.

बांधाला बांध लागून असलेल्या बागा दोन-तीन दिवसांत एकदम छाटा. शेजारची बाग पंधरवडाभर पुढे असेल, तर तिथला डाऊनी (पानं-घडांवरचा बुरशीजन्य रोग) तुमच्या कोवळ्या फुटीवर उतरतो. मात्र गावचे सगळे पट्टे एकाच आठवड्यात छाटू नका. पट्ट्यापट्ट्यात आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवलं की एकाच पावसात सगळं गाव सापडत नाही, छाटणीच्या टोळ्या आणि फवारणीचे ब्लोअरही पुरतात. आगाप छाटणीच्या मालाला दर बरा मिळतो हे खरं, पण ती निचऱ्याच्या हलक्या रानातच घ्यावी. काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात घाई नको.

छाटलेली पानं बागेत ठेवू नका. डाऊनीचे बीजाणू त्यांतच तग धरतात. नंतर खोड, ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) आणि बोदावर (वेलीखालच्या मातीच्या वरंब्यावर) 1 टक्का बोर्डो हे बुरशीनाशक फवारा : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. लोखंडी विळा द्रावणात बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवा.

डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला लावायचं हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग हातमोजे घालूनच करायचं. आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर दारू पूर्ण वर्ज्य, हे टोळीतल्या प्रत्येकाला बजावून सांगा. त्यातून जिवावर बेतू शकतं.

फूट तीन-चार पानांची झाल्यापासून मणी सेट होईपर्यंत डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या. गटात एक हवामान केंद्र असेल, तर पानं किती तास ओली राहिली त्याची नोंद रोज सर्वांना कळवा. फवारणीचा निर्णय त्यावर घ्या. फेलफुटी (बिनघडाच्या जादा फुटी) वेळेत काढल्या की पानं लवकर सुकतात. पोंग्यात आभाळ दाटलं तर ठिबकचं पाणी कमी करा, नत्र थांबवा, नाहीतर घड जिरतात, म्हणजे कोवळे घड वाढायच्या आधीच नाहीसे होतात.

एकाच प्रकारचं आंतरप्रवाही (झाडात भिनणारं) बुरशीनाशक लागोपाठ मारू नका. फवारण्यांची नोंद गटात एकत्र ठेवा. निर्यातीच्या मालाला काढणीपूर्व दिवस (शेवटची फवारणी ते काढणी) मोजताना तीच वही लागणार आहे.