मसाई मारा सफारी: ताडोबाचा हिशेब तिथे लावताना होणाऱ्या या चुका टाळा

ताडोबा किंवा पेंचला दहा-बारा फेऱ्या मारलेला मराठी पर्यटक केनियातील मसाई माराला पहिल्यांदा जातो, तेव्हा त्याच्या चुका नवख्या माणसाच्या चुकांहून वेगळ्या असतात, कारण त्याला जंगल कळते आणि नेमके तेच त्याला नडते. सांबराचा किंवा भेकराचा इशारा कानावर येताच गाडी त्या दिशेला पळवायची आणि वाघ दिसला की पुढच्या 'साइटिंग'कडे वळायचे, ही सागवान-बांबूच्या रानात मुरलेली सवय माराच्या उघड्या गवताळ प्रदेशात उपयोगी पडत नाही. तिथे प्राणी शोधावे फारसे लागत नाहीत, त्यांच्याजवळ थांबावे लागते. सफारी हा स्वाहिली शब्द अरबी 'सफर'वरून आलेला आहे, म्हणजे आपल्या 'सफर'चा तो सख्खा भाऊ. पण आपण त्याचा अर्थ हल्ली 'प्राण्यांची हजेरी घेणे' इतकाच करून ठेवला आहे.

सुट्टी पाहून तारखा ठरवणे

सर्वांत महागात पडणारी चूक घरी, कॅलेंडरसमोर बसूनच होते. आपल्याकडील शाळांची मोठी सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत येते आणि मारातील मोठा पावसाळाही साधारण मार्च ते मे असाच असतो. तिथली जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीच्या काळ्या मातीसारखीच आहे. केनियातही तिला 'ब्लॅक कॉटन' असेच म्हणतात. भिजल्यावर ती कशी वागते हे शेतकऱ्याच्या घरातील माणसाला सांगायला नको. चाकाला माती चिकटत जाते, खाचा भरून टायर गुळगुळीत होतो, आणि चालकाने जोर लावला की गाडी पुढे जाण्याऐवजी पोटापर्यंत खाली बसते. अशा वेळी प्रवाशांनी उत्साहाने खाली उतरून धक्का मारू नये. चालक सांगेपर्यंत गाडीतच बसावे, त्याला रेडिओवरून दुसरी गाडी बोलावू द्यावी आणि दोर बांधून गाडी ओढेपर्यंत धीर धरावा. सभोवतालचे गवत कमरेइतके असते आणि त्यात कोण बसले आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

ज्यांना उन्हाळी सुट्टीतच जायचे आहे, त्यांनी जूनचा पहिला पंधरवडा पाहावा. पाऊस ओसरत आलेला असतो, महाराष्ट्रातील बहुतेक शाळा अजून उघडलेल्या नसतात, आणि प्रवेशशुल्कही निम्मे असते. २०२४ पासून परदेशी प्रौढांसाठी हे शुल्क जानेवारी ते जून दररोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. हे तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा इतक्याच वेळेचे असते, त्यामुळे मुक्काम राखीव क्षेत्राच्या बाहेर असेल तर आत जाल त्या प्रत्येक दिवसाचे पैसे पडतात. टूरच्या दरात हे शुल्क धरले आहे की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. 'सर्व समाविष्ट' या दोन शब्दांवर विसंबू नये.

जूनच्या पंधरवड्यात वाइल्डबीस्टचे, म्हणजे तिथल्या दाढीवाल्या, शिंगांच्या रानटी चरणाऱ्या जनावरांचे, मोठे कळप मात्र बहुधा अजून सीमेपलीकडे, टांझानियातील सेरेंगेटीत असतात. हे महास्थलांतर वर्षभर चालणारे चक्र आहे. फेब्रुवारीच्या सुमारास सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या परिसरात त्यांची वीण होते, पाऊस आणि गवत यांच्या मागे ते उत्तरेकडे सरकतात, आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात मारा नदीच्या परिसरात असतात. दहा लाखांहून अधिक जनावरे पावसाच्या मागे चालतात, त्यामुळे अमुक तारखेला नदी पार होणारच, असे कोणी सांगू लागला तर त्याच्याकडून तिकीट घेऊ नये.

नकाशावर शेजारी दिसते म्हणून

मारा आणि सेरेंगेटी हे एकाच गवताळ प्रदेशाचे दोन भाग असल्यामुळे सकाळी एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे, असा बेत अनेक जण आखतात. वाइल्डबीस्टना ते जमते, आपल्याला जमत नाही. दोन्ही अभयारण्यांमधील सीमा पर्यटकांच्या वाहनांसाठी बंद आहे. पश्चिमेकडील इसेबानिया-सिरारी या चौकीवरून वळसा घालून जावे लागते आणि बहुतेक सगळा दिवस त्यातच जातो. टांझानियासाठी वेगळा व्हिसा लागतो. 'ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा' केनिया, युगांडा आणि रवांडा या तीनच देशांना लागू आहे; टांझानिया त्यात नाही. पाचसहा दिवसच हाताशी असतील तर एकच देश निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चालकाच्या मागे लागणे

ताडोबात चालक आणि गाइड वेगळे असतात. मारात बहुतेकदा एकच माणूस दोन्ही कामे करतो. पहिल्याच सकाळी त्याच्यासमोर सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा अशी पाचांची यादी ठेवली, की तो बिचारा रेडिओ ऐकत, ज्या सिंहाभोवती आधीच गाड्या लागल्या आहेत त्याच सिंहाकडे आपल्याला घेऊन जातो. त्याऐवजी त्याला सांगावे की आम्हाला घाई नाही, एखाद्या कळपापाशी तासभर बसलो तरी चालेल. 'पोले पोले', म्हणजे हळूहळू, एवढे दोन स्वाहिली शब्द पुरेसे होतात.

जादा टिप देऊ करून गाडी रस्ता सोडून गवतात घालायला लावणे हा तर अपराधच आहे. राखीव क्षेत्रात रस्ता सोडण्यास मनाई आहे आणि दंड चालकाला भोगावा लागतो. मारा ट्रँगल या पश्चिमेकडील भागात एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या थांबू शकतात, बाकीच्यांनी लांब थांबून आपली पाळी पाहायची असते. हा नियम का आहे, हे चित्त्याकडे पाहिले की समजते. (आपली वृत्तपत्रे बिबट्यालाही बिनदिक्कत चित्ता म्हणतात, मारात दोन्ही दिसतात, तेव्हा हा गोंधळ तिथे तरी मिटवावा. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते, बिबट्याला ती नसते.) चित्ता दिवसा शिकार करतो, त्याला मोकळी नजर लागते, आणि गाड्यांचा कोंडाळा नेमका तीच अडवतो. मारातील चित्त्यांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात मादीची सरासरी ०.२ पिल्ले स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत जगतात, तर कमी वर्दळीच्या भागात २.३. गाडी जरा आणखी पुढे घ्या, असे म्हणण्यापूर्वी हे दोन आकडे आठवावेत.

नदीकाठी हीच घाई स्वतःलाच कशी भोवते, ते मी अनुभवले आहे. सकाळी साडेनऊपासून आम्ही उतारापासून बरेच मागे, एका झुडपाआड उभे होतो. कळप काठावर येई, पुढची जनावरे पाण्याचा वास घेत, गुडघे किंचित वाकवत, आणि मागच्यांच्या रेट्याने धूळ उडत असतानाच काय बिनसे कोण जाणे, सगळा कळप वळून मागे जाई. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी एका वाइल्डबीस्टचे पुढचे दोन्ही पाय पाण्यात होते, तेवढ्यात आमच्याच गटातील दुसरी गाडी चांगल्या फोटोसाठी उताराच्या तोंडाशी येऊन थांबली. त्या वाइल्डबीस्टने पाय मागे काढून घेताना झालेला चिखलाचा आवाजही मला आठवतो. त्यानंतर दिवसभर तिथे काहीही घडले नाही. गाडी नेहमी उतरण्याच्या वाटेपासून दूर, बाजूला आणि इंजिन बंद करून ठेवावी; जेवणाचा डबा आणि पाणी बरोबर असावे, म्हणजे दुपारी परतण्याची गरज भासत नाही. नैसर्गिक विधीसाठी मात्र संकोच न करता चालकाला वेळीच सांगावे. तो आधी जागा पाहतो आणि मगच उतरू देतो. स्वतःहून झुडपामागे जाऊ नये.

ज्यांना रस्ता सोडून जाण्याची, रात्रीच्या फेरीची किंवा पायी हिंडण्याची हौस आहे, त्यांनी राखीव क्षेत्राच्या उत्तरेकडील नाबोइशो किंवा मारा नॉर्थसारख्या कॉन्झर्व्हन्सीत राहावे. मसाई जमीनमालकांकडून भाड्याने घेतलेल्या या जमिनींवर नियम वेगळे आहेत आणि गाड्याही मोजक्या असतात.

सामान आणि मुक्काम

आफ्रिका म्हणजे उकाडा, या समजुतीने सुती सदरे भरून नेणारे लोक पहाटे सहाच्या उघड्या गाडीत कुडकुडताना दिसतात. मारा समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे आणि जुलै-ऑगस्टमधील पहाट आपल्या महाबळेश्वरच्या हिवाळ्याची आठवण करून देते. एक जाड जॅकेट आणि कानटोपी न्यावीच. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल, तर हातातील सामानासह साधारण १५ किलो आणि तेही मऊ पिशवीत, हा नियम कसोशीने पाळला जातो. चाकांची कडक बॅग विमानाच्या पोटात मावतच नाही.

खाण्याचे डबे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळण्याची आपली सवय इथे अडचणीत आणते. केनियाने २०१७ मध्ये प्लॅस्टिकच्या कॅरी बॅगांवर बंदी घातली आणि जून २०२० पासून संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरण्याच्या प्लॅस्टिकलाही मनाई आहे. ठेपले, भाकरवडी जरूर न्यावी, पण कापडी पिशवीत किंवा स्टीलच्या डब्यात, आणि तंबूत उघडे ठेवू नये. तंबूची चेन पूर्ण लावली नाही तर माकडे आत शिरतात. जैन जेवण हवे असेल तर ते बुकिंगच्या वेळीच कळवावे. रात्री जेवणाच्या तंबूकडे जाताना 'अस्कारी', म्हणजे पहारेकरी, बरोबर येतो; दोनच पावले तर आहेत, म्हणून त्याला टाळू नये, कारण पाणघोडे रात्रीच चरायला नदीबाहेर पडतात.

मसाई वस्तीत गेल्यावर लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि वस्तीचे शुल्क आत पाऊल टाकण्यापूर्वी ठरवावे. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या न्याव्यात. खूप जुन्या छपाईच्या नोटा अनेक ठिकाणी नाकारल्या जातात.

कागदपत्रे

केनियासाठी जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना, म्हणजे ईटीए घ्यावा लागतो. यात सहसा कोणी चुकत नाही. चूक होते ती पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीची, कारण ती जाताना कोणी विचारत नाही. विचारतात ते परत आल्यावर, भारतात. केनिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत असल्यामुळे वैध प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस केवळ अधिकृत केंद्रांवर मिळते, प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि ते आयुष्यभर चालते, म्हणून प्रस्थानाच्या महिनाभर आधीच हे काम उरकावे. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दलही त्याच सुमारास डॉक्टरांना विचारून घ्यावे. पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र, म्हणजे ते पिवळे कार्ड, पासपोर्टसोबत हातातील पिशवीतच ठेवावे, कारण मुंबईत उतरल्यावर आरोग्य तपासणीची खिडकी इमिग्रेशनच्याही आधी लागते आणि मोठी बॅग तेव्हा अजून पट्ट्यावरही आलेली नसते.